मुलं दुसऱ्यांच्या चांगुलपणाबद्दल काय समजून असतात? पालकांचे आणि बालवाडीच्या ताईंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"दे ना तिला, असा कसा रे तू स्वार्थी!" हे वाक्य बागेत, लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या जिन्यात रोज कानावर पडतं. ज्याला ते ऐकवलं जातं तो बहुतेक वेळा जेमतेम तीन-चार वर्षांचा असतो. त्या वयात मूल दुसऱ्यांकडून काय अपेक्षा ठेवतं आणि त्याला स्वतःला काय जमतं, यात बरंच अंतर असतं. गेल्या वीसएक वर्षांत बालमानसशास्त्रात या अंतरावर भरपूर काम झालं आहे. ते मराठी घरांपर्यंत पोचायला हवं असं मनापासून वाटतं, म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर.

बोलताही न येणाऱ्या बाळाच्या मनात काय अपेक्षा आहे, हे कळतं तरी कसं?

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बाळ किती वेळ बघतं ते मोजायचं. अपेक्षेबाहेरचं काही घडलं की बाळ त्याकडे जास्त वेळ टक लावून पाहतं. दुसरा मार्ग निवडीचा. दोन बाहुल्या समोर धरायच्या आणि बाळ कुठल्या बाहुलीकडे हात नेतं ते पाहायचं. बाहुली धरणाऱ्या व्यक्तीलाही कुठली बाहुली कशी वागली हे ठाऊक नसावं, अशी काळजी घेतली जाते. नाहीतर तिच्या चेहऱ्यावरूनच बाळाला इशारा मिळायचा.

दोन्ही मार्गांनी मिळतो तो अंदाजच. "बाळाला न्याय कळतो" असा मथळा वाचलात, तर त्यामागे काही सेकंदांचं जास्त पाहणं किंवा एकदा पुढे केलेला हात आहे, हे लक्षात असू द्या.

सहा महिन्यांच्या बाळाला मदत करणारा आवडतो, हे खरं आहे का?

या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललं आहे, आणि जुनं उत्तर अजून सगळीकडे फिरतं आहे. म्हणून जरा खोलात जाऊ.

2007 साली 'नेचर' या नियतकालिकात येल विद्यापीठातल्या किली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळे चिकटवलेला एक लाकडी गोल टेकडी चढायचा प्रयत्न करतोय, त्याला ते जमत नाहीये. मग एक आकार येऊन त्याला खालून वर ढकलतो. दुसऱ्या खेपेला वेगळा आकार येऊन त्याला वरून खाली लोटतो. नंतर हे दोन्ही आकार बाळांपुढे धरले. दहा महिन्यांच्या 16 पैकी 14 बाळांनी आणि सहा महिन्यांच्या 12 पैकी सगळ्या 12 बाळांनी मदत करणारा आकार निवडला. जगभर याची चर्चा झाली. माणूस जन्मतःच चांगुलपणा ओळखतो, असा निष्कर्ष लोकांनी काढला.

पुढे शंका आल्या. 2012 साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की टेकडीवर पोचल्यावर तो गोल आनंदाने उड्या मारत होता आणि बाळांना त्या उड्याच आवडल्या असतील. 2018 साली फ्रांचेस्को मार्गोनी आणि लूका सुरियान यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. सगळे धरून साधारण तीनपैकी दोन बाळं मदत करणाऱ्याकडे वळत होती. आकडा खाली आला, पण कल अजून होता.

मग जगातल्या 37 प्रयोगशाळांनी मिळून टेकडीचाच प्रयोग पुन्हा केला. पाच खंडांतल्या, साडेपाच ते साडेदहा महिन्यांच्या 567 बाळांची माहिती त्यात धरली गेली. मदत करणाऱ्याला निवडणारी बाळं निघाली 49.34 टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. विशेष म्हणजे ज्या हॅमलिन यांनी मूळ प्रयोग केला, त्याच या पडताळणीत आघाडीवर होत्या. आपल्याच गाजलेल्या कामाची इतकी कडक परीक्षा घेणारी माणसं विज्ञानात असतात, याबद्दल मला फार आदर वाटतो.

या प्रयोगात खेळ प्रत्यक्ष न दाखवता पडद्यावर दाखवला होता, त्यामुळे फरक पडला असेल का, यावर वाद चालू आहे. आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं: सहा महिन्यांच्या बाळाला भलं-बुरं कळतं असं ठामपणे सांगता येत नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलांबद्दलचे पुरावे वेगळे आहेत, त्यांच्याकडे आता येऊ.

वाटणी सारखी व्हावी, ही अपेक्षा कधीपासून दिसते?

सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास. मार्को श्मिट आणि जेसिका सॉमरव्हिल यांनी 2011 साली पंधरा महिन्यांच्या मुलांना बिस्किटं आणि दूध वाटण्याचे प्रसंग दाखवले. कधी दोघांना सारखं, कधी एकाला जास्त. असमान वाटणीकडे मुलं जास्त वेळ पाहत राहिली. त्याच मुलांना नंतर दोन खेळण्यांमधलं एक दुसऱ्याला द्यायला सांगितलं. ज्यांनी स्वतःला आवडलेलं खेळणं दिलं, त्यांना असमान वाटणीचं जास्त नवल वाटलेलं होतं. ज्यांनी नावडतं खेळणं दिलं, ती मुलं उलट समान वाटणीकडे जास्त वेळ पाहत होती. जगाकडून ठेवलेली अपेक्षा आणि स्वतःचं वागणं यांचा धागा इतक्या लवकर जुळायला लागतो.

2012 साली स्टेफनी स्लोन, रेने बायार्जों आणि डेव्हिड प्रिमॅक यांनी 19 महिन्यांच्या मुलांना जिराफाच्या दोन बाहुल्या दाखवल्या. एकीलाच दोन्ही खेळणी दिली, की मुलं जास्त वेळ बघायची. बाहुल्या निर्जीव ठेवल्या, हलल्या-बोलल्या नाहीत, की तो फरक नाहीसा व्हायचा. म्हणजे वस्तू कशा मांडल्या आहेत याच्याशी मुलांना देणंघेणं नव्हतं. कुणाला किती मिळालं याच्याशी होतं. याच संशोधनात 21 महिन्यांच्या मुलांना खेळणी आवरणारी एक बाई आणि नुसती बसून राहणारी दुसरी दाखवली. दोघींना सारखंच बक्षीस मिळालं, तेव्हा मुलं जास्त वेळ पाहत राहिली. काम एकीनं केलं, बक्षीस दोघींना, हे दोन वर्षं पूर्ण न झालेल्या मुलालाही खटकत असावं.

मग माझं तीन वर्षांचं मूल स्वतःचं खेळणं का सोडत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

अर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली स्वित्झर्लंडमधल्या तीन ते आठ वर्षांच्या 229 मुलांसोबत काम केलं. मुलाला निवड दिली: तुला एक गोळी आणि दुसऱ्याला एक, किंवा तुला दोन आणि दुसऱ्याला काहीच नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी फक्त 8.7 टक्के मुलांनी वाटून घेतलं. सात-आठ वर्षांपर्यंत हे प्रमाण 45 टक्क्यांवर गेलं. सात-आठ वर्षांची अर्ध्याहून जास्त मुलंसुद्धा दोन्ही गोळ्या स्वतःकडेच ठेवत होती, हे पालकांनी जरूर लक्षात घ्यावं.

मुलाला वाटण्याचा नियम माहीतच नसतो, असं पूर्वी मानलं जायचं. ते तसं नाही. क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी 2013 साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांना आधी विचारलं, "किती द्यायला हवं?" तीन वर्षांच्या मुलांनीही सांगितलं, सारखं. मग प्रत्यक्ष वाटायला दिलं, तर लहान मुलांनी जास्त चिकटचित्रं (स्टिकर) स्वतःकडे ठेवली. त्यांना आधीच "तू किती देशील?" असं विचारलं होतं, तेव्हा "मी जास्त ठेवीन" हेही त्यांनी बरोबर सांगितलं होतं. नियम ठाऊक, स्वतःचं मनही ठाऊक, आणि तरी हात पुढे होत नाही.

मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मूल खोटं बोलत नसतं, ढोंगही करत नसतं. जे इतरांकडून हवं ते स्वतः करायला हातातली, डोळ्यासमोरची, आत्ताची वस्तू सोडावी लागते, आणि तेवढा संयम त्या वयात तयार झालेला नसतो. "तुला कळत कसं नाही?" या प्रश्नाला म्हणून काही अर्थ उरत नाही. त्याला कळतंच. त्याला जमत नाही.

पण मदत मात्र धावत येऊन करतो. हे कसं?

कारण मदत करणं आणि वाटून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या 2006 सालच्या प्रयोगात मोठ्या माणसाच्या हातून कपडे वाळत घालायचा चिमटा पडायचा, किंवा हात भरलेले असल्यामुळे त्याला कपाटाचं दार उघडता यायचं नाही. दीड वर्षाच्या 24 मुलांपैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी न सांगता मदत केली. चिमटा उचलून देण्यात मुलाचं काहीच जात नाही. लाडू अर्धा दिला, की तो अर्धा गेला.

स्वतःला कमी मिळालं की थयथयाट, दुसऱ्याला कमी मिळालं की गप्प. ही न्यायबुद्धी कसली?

न्यायबुद्धीच आहे, तिचा अर्धा भाग आधी येतो. 2015 साली पीटर ब्लेक, कॅथरीन मॅकऑलिफ, फेलिक्स वार्नेकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतल्या मुलांच्या 866 जोड्यांसोबत एक खेळ खेळला. वयं चार ते पंधरा. देश होते अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि भारत. भारतातली मुलं आंध्र प्रदेशातली होती. खेळात एका मुलाच्या हातात निर्णय असायचा: समोर आलेली वाटणी मान्य केली तर दोघांनाही आपापला वाटा, नाकारली तर कुणालाच काही नाही.

स्वतःला एक आणि समोरच्याला चार अशी वाटणी सातही देशांतल्या मुलांनी कधी ना कधी नाकारायला सुरुवात केली. "मला नाही, तर तुलाही नाही." उलटी वाटणी, म्हणजे स्वतःला चार आणि दुसऱ्याला एक, नाकारणारी मोठी मुलं फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडात आढळली. आपल्याकडच्या मुलांमध्ये ती प्रवृत्ती या खेळात दिसली नाही.

यावरून "आपली मुलं कमी न्यायी" असा अर्थ कुणी काढू नये. अनोळखी खेळात, परक्या माणसासमोर, मिळालेली जास्तीची गोळी परत करणं हा उदारपणाचा एकच प्रकार झाला. ज्या घरात पाहुण्याच्या पानात आधी वाढलं जातं आणि शेजारच्या घरी वाटी जातेच, तिथली देण्याची रीत या खेळात मोजली जात नाही. तरीही निष्कर्षाचा पहिला भाग घरोघरी उपयोगी आहे: आपल्यावरचा अन्याय सगळीकडच्या मुलांना दिसतो, आणि आपल्या फायद्याच्या अन्यायाला "नको" म्हणणं हे मूल आजूबाजूला पाहून शिकतं.

कोण कुणाशी चांगलं वागेल, यात आपलं-परकं मुलांना कळतं का?

खूप लवकर. ॲश्ली थॉमस आणि सहकाऱ्यांचा 2022 साली 'सायन्स'मध्ये आलेला प्रयोग आपल्याला पटकन समजेल असा आहे. एक बाई बाहुलीसोबत एकाच संत्र्याच्या फोडीचा आळीपाळीने घास घेते. दुसरी बाई त्याच बाहुलीशी चेंडू खेळते. नंतर बाहुली रडायला लागते. बाळांनी आणि दीड वर्षांच्या आसपासच्या मुलांनी आधी कुणाकडे पाहिलं? जिनं फोड वाटून खाल्ली तिच्याकडे. एकमेकांचं उष्टं खाणारी माणसं जवळची असतात आणि जवळचं माणूस रडण्याला धावून येतं, अशी काहीशी अपेक्षा त्या नजरेत होती.

ज्या मुलांनी शाळेत फ्रॉकच्या टोकात पेरू किंवा आवळा गुंडाळून चिमणीच्या दातांनी तोडला आहे, त्यांना हे शिकवायला नको. उष्टं चालतं ते कुणाचं आणि चालत नाही ते कुणाचं, हे मूल घरात पाहत असतं. म्हणूनच एक जपून सांगावंसं वाटतं. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवला, तर मुलाला त्यावर एक शब्दही सांगावा लागत नाही. कुणाकडून मायेची अपेक्षा ठेवायची आणि कुणाला माया द्यायची, याचा नकाशा मूल त्या कपावरून काढतं.

तीन-चार वर्षांची मुलं बाहुल्यांच्या खेळात भावंडांना आणि मित्रांना अनोळखी बाहुलीपेक्षा जास्त वाटा देतात, आणि ज्यानं आधी दिलं त्याला परत देतात, हे क्रिस्टिना ओल्सन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी 2008 साली दाखवलं. मार्जोरी ऱ्होड्स यांच्या कामातून दिसतं, की दोन काल्पनिक गटांची नावं नुसती सांगितली तरी एका गटातला माणूस दुसऱ्या गटातल्याला त्रास देईल, असं बालवाडीच्या वयाची मुलं धरून चालतात. वर्गात लाल संघ आणि निळा संघ पाडताना ताईंनी हे ध्यानात ठेवावं, आणि संघ वरचेवर बदलावेत.

मुद्दाम केलं की चुकून झालं, हा फरक मुलांना कळतो का?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ प्याजे यांनी 1932 साली लिहिलं होतं, की लहान मुलं नुकसान किती झालं ते बघतात: चुकून पंधरा कप फोडणारा, चोरून खाऊ काढताना एक कप फोडणाऱ्यापेक्षा जास्त वाईट. तोंडी प्रश्न विचारले तर आजही पाच वर्षांची मुलं अशी उत्तरं देतात. पण वागण्यात फरक दिसतो. अम्रिशा वैश आणि सहकाऱ्यांनी 2010 साली पाहिलं, की तीन वर्षांची मुलं दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्या व्यक्तीला मदत करायला मागेपुढे करतात. नुकसान करायचा नुसता प्रयत्न झाला, प्रत्यक्षात काही बिघडलं नाही, तरीही. हेतू त्यांच्यापर्यंत पोचलेला असतो.

दुसऱ्याचं चॉकलेट पळवणाऱ्या मुलाला कसं वाटत असेल, असं विचारलं तर माझी मुलगी म्हणते "मज्जा!" काळजी करू का?

नको. गर्ट्रूड नुनर-विंकलर आणि बेआटे झोडियान यांनी 1988 साली हेच पाहिलं होतं. चार वर्षांच्या बहुतेक मुलांना चोरी वाईट हे माहीत असतं, पण चोरी करणाऱ्याला खूप आनंद झाला असेल, असं ती सांगतात. त्याला हवं ते मिळालं ना! आठ वर्षांच्या आसपासची मुलं त्याला वाईट वाटेल असं म्हणायला लागतात. "आणि ज्याचं चॉकलेट गेलं, तो आत्ता काय करत असेल?" एवढा एक प्रश्न पुढे विचारा. रागावू नका, तिनं खरं उत्तर दिलं आहे.

माझं मूल सगळ्यांना चांगलंच समजतं. यात धोका नाही का?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा कल खरंच तसा असतो. जेनेट बोसोव्हस्की आणि कांग ली यांच्या 2006 सालच्या कामात, कुणी एकदा चांगलं वागलं तरी मुलं त्याला चांगलं म्हणायला तयार होती. वाईट ठरवायला मात्र त्यांना जास्त दाखले लागत. क्रिस्टी लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवलं, की पाच-सहा वर्षांच्या मुलांना वाटतं, आज दुष्ट असलेलं मूल मोठेपणी चांगलं होईल. या आशेचा फायदाही आहे. सकाळी कट्टी घेतलेली मुलं मधल्या सुट्टीत बट्टी करून एकाच डब्यात हात घालतात, ते याच बळावर.

धोका मात्र आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. "वाईट माणसांपासून लांब राहा" ही शिकवण या वयात कुचकामी ठरते, कारण खाऊ देणारा, हसून बोलणारा माणूस मुलाच्या लेखी चांगलाच असतो. माणसांबद्दल सांगण्याऐवजी कृतीबद्दल सांगा. कपड्याखालच्या भागाला कुणी हात लावायचा नाही. डॉक्टरांनीही आई-बाबा जवळ असतानाच. "आईला सांगू नकोस" असं कुणीही म्हटलं, अगदी काका, मामा, शिक्षक असले, तरी ते येऊन सांगायचंच. आणि सांगितल्यावर आम्ही रागावणार नाही, हे वचन द्या आणि पाळा. मदत लागली तर 1098 हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

चिऊ-काऊची गोष्ट सांगावी का? चिमणी तर दारच उघडत नाही!

अनेक तरुण आया हे विचारतात. कावळ्याचं घर शेणाचं, ते पावसात वाहून गेलं. तो भिजत येऊन म्हणतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." ती म्हणते, "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते." मग तीट लावते, मग झोपवते. कावळा बाहेर कुडकुडतोय.

सांगा, जरूर सांगा. मराठी मूल ऐकतं त्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक, आणि तिच्यात मुलाची अपेक्षा मुद्दाम ताणली जाते. प्रत्येक "थांब"ला मुलाचा चेहरा पाहा. दार उघडायला हवं, हे त्याला आतून माहीत आहे, म्हणून तर ते जिवाच्या आकांतानं ऐकतं. काही घरी चिमणी शेवटी दार उघडते, काही घरी कावळ्याला चटका बसतो, काही घरी कावळा लबाड असतो. माझं मत विचाराल, तर तीनेक वर्षांच्या मुलाला शेवट ठरवू द्या. "तू चिऊ असतास तर?" आणि दुसऱ्या दिवशी, "तू काऊ असतास तर?" दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या दिवशी विचारा. कावळा झाल्यावर दार लगेच उघडतं आणि चिमणी झाल्यावर बाळाची आंघोळ लांबते, असं पुष्कळ मुलांचं होतं. त्यावर टिप्पणी करू नका. ते अंतर मुलानं स्वतःच पाहिलेलं असतं.

खेळणं दिलं तर चॉकलेट देईन, असं सांगितलं तर?

टाळा. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 साली वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल वस्तूचं बक्षीस दिलं. बक्षीस बंद झाल्यावर ती मुलं कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती पूर्वीसारखीच मदत करत राहिली.

मग हातातून काढून घेऊन द्यायला लावावं का?

त्यानं भांडण मिटतं, पण देणं शिकून होत नाही. नादिया चेर्न्याक आणि तमार कुश्निर यांच्या 2013 सालच्या प्रयोगात तीन-चार वर्षांच्या मुलांना एक चिकटचित्र दिलं आणि समोर एक उदास कुत्र्याची बाहुली ठेवली. काही मुलांना सांगितलं, हे त्याला द्यावंच लागेल. काहींना खरी निवड दिली: त्याला दे किंवा तुझ्याकडे ठेव. ज्यांनी स्वतः ठरवून दिलं, त्यांनी पुढच्या खेपेला नव्या बाहुलीला जास्त चिकटचित्रं दिली. स्वतःचं काही सोडून आपण दिलं, हे मुलाच्या लक्षात राहतं, आणि आपण देणारे आहोत ही ओळख तिथून तयार होते.

खरी निवड दिली, की कधीकधी "नाही देणार" हे उत्तर येतं. तेही मान्य करायला हवं, आणि पालकांना हेच सगळ्यात अवघड जातं, कारण समोर दुसऱ्या मुलाची आई उभी असते. अशा वेळी "तुझं खेळून झालं की तिला देशील का?" हा प्रश्न बराच कामाला येतो. पाहुणे येण्याआधी "कुठली खेळणी बाहेर ठेवू आणि कुठली कपाटात?" असं विचारून घ्या. एखादी लाडकी बाहुली वाटायची नसते, आणि त्यात काही गैर नाही. आपणही आपला फोन पाहुण्यांच्या हाती देत नाही.

"स्वार्थी", "हावरट" म्हटल्यानं काय बिघडतं?

मूल हे शब्द स्वतःची ओळख म्हणून घेतं. चांगल्या शब्दांचंही तसंच होतं. ख्रिस्तोफर ब्रायन, ॲलिसन मास्टर आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी 2014 साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये पाहिलं, की "मदत करणं" असं म्हणण्याऐवजी "मदत करणारा होणं" असं म्हटलं, तर मुलं जास्त मदत करतात. पण 2018 साली याची दुसरी बाजू समोर आली. मदत करताना काही सांडलं-मोडलं, तर "मदत करणारा" म्हणवून घेतलेली मुलं लवकर माघार घेतात. त्यामुळे मी कृतीला धरून बोलणं पसंत करते: "तू तिला पाणी दिलंस, तिचं रडणं थांबलं."

आमच्याकडे "उचल ते, दे आजीला" असं दरडावूनच सांगतात. चुकतं का?

प्रत्येक घरी चुकतंच असं नाही. जोशा कार्टनर यांच्या गटानं जर्मनीतल्या म्यून्स्टर आणि आपल्या दिल्लीतल्या दीड वर्षाच्या मुलांची तुलना केली. ठामपणे, गंभीर सुरात काम सांगणाऱ्या आयांची मुलं दिल्लीत जास्त मदत करणारी निघाली. म्यून्स्टरमध्ये मात्र विनंतीच्या, समजावण्याच्या सुराचा मुलांच्या मदतीशी जास्त संबंध होता. ज्या घरात मोठ्यांचं ऐकणं हे मायेचाच भाग असतं, तिथे ठाम सूर मुलाला तुटक वाटत नाही. ठाम सूर वेगळा आणि अपमान वेगळा, एवढं पाळलं तर परदेशी पुस्तकांतली प्रत्येक सूचना आपल्यावर लादून घ्यायची गरज नाही.

एकुलतं एक मूल स्वार्थी होतं का?

नाही. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी 1986 साली तोवरची संशोधनं एकत्र करून पाहिली. माणसांत मिसळण्याच्या बाबतीत एकुलती मुलं इतरांपेक्षा मागे नव्हती.

"तू मोठा आहेस ना, देऊन टाक" असं आजी रोज म्हणते. मोठा मुलगा आता चिडायला लागलाय. काय करू?

त्याची चीड समजून घ्या. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना वाटणीतली असमानता इतकी खटकते, की ॲलेक्स शॉ आणि क्रिस्टिना ओल्सन यांच्या 2012 सालच्या प्रयोगात दोघांनी सारखं काम केलेलं असताना एक खोडरबर उरलं, तर मुलांनी ते कुणा एकाला देण्यापेक्षा टाकून देणं पसंत केलं. दोघांपैकी एकानं जास्त काम केलंय असं सांगितलं, की मात्र जास्तीचं खोडरबर त्याला द्यायला ती तयार झाली. या वयाला कारण लागतं. "तू मोठा आहेस" हे त्याला कारण वाटत नाही, कारण त्यात त्याचा काही दोष नाही आणि ते उद्याही बदलणार नाही.

खेळात हीच मुलं धाकट्याला लिंबूटिंबू करतात, त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत आणि त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. ती सवलत त्यांनी स्वतः ठरवलेली असते. घरीही तसं करून पाहा. आंबा कापला, की मोठ्याला विचारा, "धाकटी बाठा चोखू शकत नाही, मग वाटणी कशी करू या?" बहुतेक वेळा तो फोडी तिच्या वाट्याला देतो आणि बाठा स्वतः घेतो. एखाद्या दिवशी फोडी त्यालाच हव्या असतील. त्या दिवशी निम्म्या-निम्म्या करा. आणि आजींना बाजूला घेऊन सांगा, की धाकटीनंही कधीतरी दादाला द्यावं, अगदी एक फोड का होईना. ती दीड वर्षाची झाली असेल, तर ते तिला कळतंय.